दोन सभापती आणि चौथीचा वर्ग

समित्यांचं मला सांगू नका राव! साक्रीकडच्या आमच्या शाळेचं छत तीन पावसाळे गळत होतं. मी मुख्याध्यापक, दरवर्षी अर्ज घेऊन धुळ्याला जायचो. जिल्हा परिषदेची शिक्षण समिती म्हणायची, "छत म्हणजे बांधकाम." बांधकाम समिती म्हणायची, "शाळा म्हणजे शिक्षण." खर्च कोणीच अंगावर घेईना.

शेवटी आमच्या गटातून जिल्हा परिषदेवर निवडून आलेल्या अक्कांनी भर श्रावणात दोन्ही सभापतींना जेवायला बोलावलं, एकाला दुसऱ्याचं न सांगता. पंगत कुठे? चौथीच्या वर्गात! शेवभाजी वाढली, तशी दोघांच्या ताटांत टपटप सुरू.

अक्का शांतपणे म्हणाल्या, "आबा, नाना, हाई पाणी शिक्षणनं शे का बांधकामनं?"

दोघं ताटं घेऊन सरकले, तर तिथेही धार. हात धुवायच्या आत आबा म्हणाले, "छत शिक्षण समिती करेल." नाना उसळले, "का? आम्ही मेलोय का?" शेवटी एकाने छत मंजूर केलं, दुसऱ्याने ईर्ष्येने व्हरांडा!

उद्घाटनाला पाटीवर नाव कोणाचं, यावर पुन्हा जुंपली. अक्का म्हणाल्या, "दोन्हीस्ना नाव टाका. फक्त पाटी वर्गमा लावा. आते तठे पाणी गळत नही!"