पंचवीस मिनिटांचे अंतर

शहापूरच्या रुग्णालयात शवागाराबाहेरच्या बाकावर बसलेल्या पौर्णिमाला शेजारचे बोलणे टाळता येईना. जानकीबाईंचा नवरा आत होता आणि फौजी मुलगा लडाखात. बाकावरून उठून बोलणाऱ्या पुतण्या महेंद्रने नुकताच फोन ठेवला होता.

“काय म्हनला सुरेंद्र?”

“थॉइसच्या लष्करी विमानतळावर बसलाय, काकी. तिथून लेहला, मग दिल्ली, मुंबई.”

“लेह किती लांब?”

“विमानानं पंचवीस मिन्टं.”

“म्हंजे आपल्या मुरबाडपेक्षा जवळ. मंग थांबू.”

“बर्फ पडतोय, काकी. तीन दिवस विमान उडलं नाय.”

“रस्ता?”

“तोही बंद.”

“यष्टी बंद असली की हे मुरबाडहून चालत यायचे.”

“तिथं नाय चालता येत. सापगावला घरी मानसं खोळंबलीत. अग्नी मी देऊ?”

“पंचवीस मिन्टं म्हनलास ना?”

“हो.”

“तेवढी थांब. मंग दे.”

महेंद्र पुन्हा बाकावर बसला.