देवाचा वाफा

मंडळी, ऐका. एक प्रश्न विचारतो. देवाचं काम करताना माणसानं डोकं वापरावं की नाही? — हसू नका! मी पोथ्यांत शोधलं, मला उत्तर सापडलं नाही. कदाचित मी चुकीच्या पोथ्या उघडल्या असतील. म्हणून आपली गोष्ट सांगतो.

एक होते रंगनाथअण्णा बोऱ्हाडे. परसात बटाटे लावावेत ते अण्णांनीच! त्यांची पत्नी पुतळाबाई, लेक शेवंता. शेवंताचं पहिलं बाळ फार अशक्त — दूध ओढेना, रडेना. अण्णांनी महादेवापुढे हात जोडले. "देवा, बाळ वाचू दे! शिवरात्रीला गावाच्या उपासाची भाजी माझ्या परसातल्या बटाट्यांची. त्यासाठी तुझा वेगळा वाफा करीन!"

बाळ दूध पिऊ लागलं. आता नवस फेडायला हवा. नाही फेडला तर? — हा विचार अण्णा पुरा करतच नसत.

परसात दोन वाफे पडले. घरच्या वाफ्यात पुतळाबाईंनी कुजवलेलं जुनं शेणखत — काळं, मोकळं, चहाच्या भुकटीसारखं. आणि देवाच्या वाफ्यात? ताजं शेण! गाईनं शेपूट उचललं की अण्णा घमेलं घेऊन हजर. जमिनीला लागू द्यायचं नाही. सोवळं ना!

पुतळाबाई म्हणाल्या, "अहो, बटाट्याला ताजं शेण? घरच्या वाफ्यात घालाल का असं?"

"घरचा वाफा वेगळा. देवाला शिळं द्यायचं?"

"खत शिळं कसं होईल? कुजलं की मगच ते खत."

"मला बटाटे शिकवतेस?"

"बटाटे नाही. तेवढे येतात तुम्हाला."

पुतळाबाई पाणी द्यायला गेल्या. देवाच्या वाफ्यात पाला असा माजला, की अण्णा येणाऱ्या-जाणाऱ्याला हाताला धरून दाखवायचे! मंडळी, बटाटा कुठं लागतो? जमिनीखाली. हे अण्णांना माहीत नव्हतं का? होतं. पण देवाचं काम होतं ना!

शिवरात्रीची सकाळ. शेवंता बाळाला घेऊन दर्शनाला यायची होती. अण्णांनी देवाच्या वाफ्यात कुदळ घातली. पहिला बटाटा निघाला — अंगभर खवडे. दुसरा निघाला — हुमणीनं पोखरलेला, आत अळी आरामात बसलेली. तिचा उपास नव्हता. सगळा वाफा उकरला. सगळा तसाच!

अण्णा बांधावर बसले. "अगं, देवानं नाकारलं! शेवंताला निरोप धाड. बाळाला देवळात आणू नको म्हणावं!"

"का?"

"नवस फिटला नाही. बाळाला काही झालं म्हणजे?"

पुतळाबाईंनी कुदळ उचलली आणि घरचा वाफा खणायला घेतला. एकेक बटाटा गुळगुळीत, तकतकीत! टोपली भरली.

"हे चालायचे नाहीत," अण्णा म्हणाले. "हे घरच्यासाठी लावलेले. यांच्यावर नवस नाही."

"आहे."

"कुणाचा?"

"माझा. नात का फक्त तुमची आहे? तुम्ही देवळात बोललात त्याच दिवशी मीही बोलले, चुलीपाशी. तुमच्यात नि माझ्यात फरक एवढाच — मी खत कुजू दिलं."

अण्णा उठले आणि टोपलीला हात लावला. जड होती. दोघांनी मिळून देवळात नेली. शेवंता आली, बाळ आलं. गावानं भाजी खाल्ली. मीठ जरा कमी होतं म्हणतात. बाळ घंटेला घाबरून असं रडलं, की अण्णांना गुरवाकडे तिथंच पाणी मागावं लागलं — डोळ्यांना लावायला.

तर मंडळी, देवानं काय नाकारलं होतं? काहीच नाही! त्यानं बटाट्याला बटाट्यासारखं वाढू दिलं. जे अण्णा स्वतःच्या घरासाठी कधी करते ना, ते त्यांनी देवासाठी केलं, एवढंच.

आता तुमचं. या देवळावरचा हा भोंगा तुम्ही देवासाठी लावलात. फार प्रेमानं लावलात, मला दिसतंय. पण स्वतःच्या आजारी वडिलांच्या उशाशी लावला असता का? समोरच्या घरात कुणाचे तरी वडील झोपलेत.

ज्यांनी लावला त्यांनी उभं राहायला नको. मलाही संकोच वाटतो. फक्त कुणीतरी जाऊन तो बंद करा.

हं. आता गजर करू या. देवाला ऐकू जाईल.