सातवा स्क्रू

ती शाईची डबी आधी पर्समध्ये ठेवा, वहिनी. लोक बघतायत. सकाळी साडेआठला, ताइपेईतल्या सोयादुधाच्या दुकानात बसून म्हातारा वार्ताहर कुणा बाईच्या कागदावर शिक्का मारतोय — उद्या माझीच बातमी करतील. वाचला तुमचा कागद, दोनदा वाचला. 'को चुन-यी यांनी मला कोणतीही माहिती दिलेली नाही.' एकच ओळ, खाली माझं नाव, नावापुढे सहीच्या जागी शिक्क्याला जागा. सुबक आहे. पण मिळायचा नाही शिक्का. तीस वर्षं मी बाजारात न आलेल्या कॉम्प्युटरांच्या बातम्या देतोय — पडदा कुणाचा, बॅटरी केवढी, आत पंखा आहे की नाही — आणि तीस वर्षांत कुणी सांगितलं हे मी बोललो नाही, आणि कुणी नाही सांगितलं हेही बोललो नाही. का? अहो, सोपं आहे. त्या नव्या कॉम्प्युटरचा नकाशा तुमच्या मिस्टरांच्या, को साहेबांच्या कारखान्यात चौघांनी बघितला. मी म्हटलं, को साहेब नव्हेत — की उरले तीन. त्या तिघांनाही बायका आहेत. त्यातली एखादी उद्या असाच कागद घेऊन इथे बसेल, तिला काय सांगू?

कंपनी हरामखोर आहे, मान्य. तळाच्या झाकणाचा नकाशा तीन कारखान्यांना पाठवला आणि प्रत्येकात स्क्रू मुद्दाम वेगळे — एकाला सहा, एकाला नऊ, तुमच्या कारखान्याला सात. पेपरात आकडा आला की चोर सापडला. जुनी युक्ती आहे, वीस वर्षांपूर्वीची. मी सात छापलं, कारखाना सापडला, मग त्यांनी चौघांचे कंपनीचे फोन तपासले, आणि एकाच्याच, तुमच्या मिस्टरांच्या, फोनवर माझा नंबर निघाला, म्हणून त्यांना काढलं. हो, केला होता मी फोन. तीनदा. दोनदा त्यांनी उचलला नाही. तिसऱ्यांदा उचलला आणि म्हणाले, च्यू साहेब, मला मुलगी आहे, पुन्हा फोन करू नका. चाळीस सेकंद. आता चाळीस सेकंदांत माणूस नाही म्हणाला की हो म्हणाला, हे फोनच्या यादीत कुठे लिहिलेलं असतं? मी महिन्याला चारशे लोकांना असे फोन करतो, वहिनी. जाळं टाकणारा माणूस, न सापडलेल्या माशाचे खवले कुठे खरचटले याची चौकशी करत नाही.

काय? परत म्हणा — रबरी पट्टी? हो, लिहिलंय मी तसं. सहा स्क्रू कडेला, सातवा मधोमध, रबरी पट्टीखाली लपवलेला. मग? — नकाशात पट्टी नाहीच? हे तुम्हाला कुणी सांगितलं? — वा. वा, वहिनी. म्हणजे तोंड बंद ठेवायच्या करारावर सही केलेला माणूस घरी जेवताना बायकोला नकाशा समजावून सांगतो. गुरुवारी त्यांच्या नोकरीच्या तक्रारीवर कंपनीबरोबर बैठक आहे ना, तिथे हे बोलू नका हं, समोर त्यांचे वकील असतील, ते तुम्हाला पाणी विचारतील आणि मग हाच प्रश्न विचारतील.

आता तुमच्या डोक्यात काय चाललंय तेही कळतंय मला. त्या तिघांपैकीच कुणीतरी, असंच ना? त्यांच्या दारात जाऊ नका. उगाच अपमान होईल. त्यांच्यातलंही कुणी नाही. — असं बघू नका. नाही म्हणजे नाही, कुणीच नाही. आमच्या संपादकबाईंचा फोन आला, म्हणाल्या, च्यू, बातमी पोकळ वाटते, एखादा आकडा टाक. इथेच बसलो होतो मी, तोंडात अंड्याची पोळी. चार म्हणजे मरण, दोन्हींचा उच्चार सारखाच, चार कोण छापतो? आठ शुभ, जाहिरात वाटते. दहा म्हणजे अंदाजपंचे. सात — सात कसा, कुणीतरी खाली वाकून मोजल्यासारखा वाटतो. फक्त कडेने जोडीजोडीने बसवायला गेलं की एक उरतो — म्हणून तो मधोमध लपवला. दीड मिनिटाचं काम. तुमच्या कारखान्याच्या नकाशातही सातच असावेत, हा निव्वळ योगायोग. दुपारपर्यंत सेऊलपासून न्यूयॉर्कपर्यंत सगळ्यांनी उचललं. लोक भांडले, वहिनी, त्या सातव्या स्क्रूवरून — गिऱ्हाइकाला बॅटरी बदलता येऊ नये म्हणून कंपनीने लपवला, असा शोध एकाने लावला. मलासुद्धा पटलं ते वाचून.

मग हेच गुरुवारी येऊन सांगू? काय सांगू, की म्हातारा च्यू मनचं लिहितो? आणि मग माझ्याकडे काय उरतं? घर भाड्याचं, बायको काओश्युंगला बहिणीकडे गेली ती आठ वर्षं झाली, परत आली नाही. नावाला लोक टरकतात, तेवढंच आहे. तुमच्या मिस्टरांना दुसरी नोकरी — नाही मिळणार, बरोबर आहे तुमचं, तोंडफाटका म्हणून एकदा नाव झालं की ताओयुआनपासून शिन्चूपर्यंत कुणी फाटकात उभं करत नाही. पण तो ठपका कंपनीने ठेवला, मी नाही. खरं सांगू? त्यांना काढल्याचं कळलं त्या दिवशी मला छान झोप लागली. खोट्या बातमीसाठी कुणी कुणाला कामावरून काढतं का? छापलंही मी तसं, पहिल्या पानावर — अभियंता घरी, आमच्या बातमीला पुष्टी. त्यांचं नाव नाही घातलं. तेवढं सांभाळलं मी.

रडू नका. ऐका, कामाचं बोलू. नकाशे खोटे होते, पण कंत्राट शेवटी तुमच्याच कारखान्याला मिळालं — म्हणजे खरा साचा तिथे कापला गेला, आणि को साहेबांनी तो बघितला असणार. आता ते कुणाचं देणं लागत नाहीत. घरी विचारा त्यांना, साच्यात भोकं किती आहेत. एक आकडा. गुरुवारच्या आत सांगितलात तर मी — शिक्का नाही, पण चार ओळी लिहीन, कामगारांवर अन्याय, वगैरे. कुणाच्या नुकसानीचं नाही त्यात. — नाही? चोर ठरवलंच आहे तर चोरी करून मोकळं व्हावं माणसाने. नाही तर नाही. महिन्याभरात मशीन येईलच, उलटं करून मी स्वतः मोजेन. सात निघाले तर उत्तमच. आणि नाही निघाले तर लिहीन, की माहिती फुटली म्हणून कंपनीने घाबरून ऐन वेळी बदलले. फुटली कुणाकडून, ते वाचणाऱ्यांना आता माहीतच आहे.

उठा आता, वहिनी. नऊला एकजण यायचाय, बॅटरीच्या कारखान्यातला, नवीन आहे, आधीच घाबरट. त्याने तुम्हाला या खुर्चीवर बघायला नको.