तबकातली शेवटची लेफ्से

नको हो, माइक नको मला. माझा आवाज तळ्यापलीकडच्या गोठ्यापर्यंत जातो. बिशपसाहेबांना विचारा, गायी दचकतात अशी तक्रार त्यांच्याच भावाची होती.

तर सभेचे अध्यक्ष बिशपसाहेब, व्यासपीठावरचे मान्यवर, आज निरोप घेणारे आपले प्राचार्य तोरलाइफ, आणि मागे कॉफीच्या किटलीला चिकटून बसलेल्या समस्त मंडळींनो!

मला म्हणाले, बोरघिल्ड, कॉलेजच्या इतिहासावर बोल. मी खेड्यातल्या शाळेपलीकडे गेले नाही. पण ही टेकडी माझ्या पणजीची, तेवढा हक्क आहेच की.

आपण नॉर्वेहून इथं अमेरिकेत आलेली माणसं कशी? तबकात बटाट्याची ती मऊ पोळी, शेवटची लेफ्से, उरली की जो तो म्हणणार, "मला नको, तुम्ही घ्या." पोटात भूक, आणि लेफ्से जाते वाळून. कॉलेजचंही तेच होणार होतं. पहिल्या सभेत पाद्रीबुवांनी विचारलं, "जागा कोण देणार?" सगळे आपापल्या बुटांकडे बघत बसले. मनात प्रत्येकाच्या होतं हो, पण पुढे पुढे कोण करणार? पाद्रीबुवा टोपी घेऊन निघाले. तेवढ्यात माझी पणजी गुनवोर उठली. तीही माझ्यासारखी विधवाच. म्हणाली, "माझ्या मुलींना शिकायचंय. माझी टेकडी घ्या."

शेजारचा ओले नावाचा गडी पुटपुटला, "बाई, असं तोंडावर बोलतात का?"

"मग कुठं बोलू, तुझ्या टकलावर?"

त्या हिवाळ्यात गोठलेल्या तळ्यावरून बैलांनी दगड ओढले. पायाखाली बर्फ कडाडायचं, आणि माणसं स्तोत्रं म्हणत चालायची. स्वतः मातीच्या खोपट्यात राहणाऱ्यांनी पोरांसाठी दगडाचं घर बांधलं! आजही या भिंतीला हात लावला की अंगावर काटा येतो माझ्या. हा एवढा मनोरा, ही घंटा, आणि सुरुवात कशानं? एका बाईनं मनातलं बोलून दाखवलं, बस्स.

तोरलाइफ, तुमची बायको गेल्यापासून रोजची कॉफी तुम्ही माझ्या स्वयंपाकघरात पिता. उद्या लेकीकडे अ‍ॅरिझोनाला निघालात. परवा कप खाली ठेवून विचारलंत, "जाऊ ना मग?" मी म्हटलं, "जा की, ऊन तरी मिळेल."

असो. ऐकून घेतलंत, उपकार झाले. माझं बोलणं कुणाला टोचलं असेल तर केकच्या तुकड्याबरोबर गिळून टाका आणि म्हातारीला माफ करा.

आणि तोरलाइफ, "जा" म्हणाले ते साफ खोटं होतं. मला तुम्ही इथंच हवे आहात. माझ्या घरात.