चकचकीत चाकं आणि दोन आज्या

सन्माननीय अध्यक्ष, गॅरेजमालक मंडळाचे पदाधिकारी, व्यासपीठावरून मघापासून घड्याळाकडे बघणारे पाहुणे, आमचे कारागीर, गिऱ्हाईकं, आणि शेवटच्या रांगेत दाराला चिकटून बसलेला माझा मुलगा, सगळ्यांना माझा नमस्कार.

आज आपण माझ्या नातीला निरोप द्यायला जमलो आहोत. परगावी ती स्वतःचं चाकांचं दुकान टाकते आहे. निरोपाच्या भाषणात गळा दाटून यायला हवा, असं मघाशी कुणीतरी मला सुचवलं. माझा दाटत नाही. त्याला मी काय करू?

गॅरेज माझ्या मुलाचं. पोरगी त्याच्याच हाताखाली शिकली. पुढे हे सगळं तीच सांभाळणार, असं त्याने धरून ठेवलं होतं. तिला विचारायचं तेवढं राहून गेलं! "बाबा, मी जाते," असं ती म्हणाली आणि स्वारीचं बोलणं बंद. एकाच ताटलीतले पोहे खावेत तसे एकाच गाडीखाली दोघं काम करायचे, पण पाना हवा असला तरी निरोप माझ्यामार्फत.

पण बाप तो बापच. एका दुपारी तिच्या गाडीसाठी नवी अलॉयची चाकं घेऊन आला. केवढाली! चकाकी अशी की त्यात बघून मी केस सारखे केले. तिच्यापुढे ठेवली आणि म्हणाला, "घे."

दुसरी एखादी बापाच्या गळ्यात पडली असती. हिने पट्टी आणली.

"बाबा, नटांची भोकं जुळतात. पण मधलं भोक आपल्या हबपेक्षा मोठं आहे, चाक त्यावर घट्ट बसणार नाही. वेगात स्टेअरिंग थरथरणार."

"रिंग टाकू की मध्ये."

"आणि चाक बाहेर येतंय. गाडी भरली की टायर मडगार्डला घासणार."

"मला शिकवतेस?"

"तुम्हीच शिकवलंत."

"नको असतील तर नको म्हण. चाकांना नावं कशाला ठेवतेस?"

झालं! म्हटलं, अरे, भांडता कशाला? लावा आणि गाडी भरून बघा. भरायची कशाने? आमच्या विहीणबाई, म्हणजे नातीच्या आईची आई, त्या दिवशी घरी आल्या होत्या. आम्ही दोघी मागे बसलो. विहीणबाई, राग मानू नका, पण आपल्याला घडवताना देवाने हात आखडता घेतलेला नाही. फाटकातल्या उंचवट्यावरून गाडी गेली आणि मागून आवाज आला, खर्रर्र!

विहीणबाई दचकल्या. "अगंबाई, काय फाटलं?"

मी म्हटलं, "फाटलं नाही, पटलं."

मुलाने वाकून टायरवरची घासल्याची खूण बघितली, बोटाने चोळली आणि आत गेला. मी नातीला विचारलं, "जिंकलीस ना? मग तोंड का पाडलंस?"

ती म्हणाली, "आजी, चाकं बदलून मिळतील गं. बाबा असेच राहिले तर मी कशी जाऊ?"

 

काल तो चाकं बदलून घेऊन आला. साधी, राखाडी, गाडीच्या मापाची. आणि आज सकाळी, तुम्ही सगळे नटूनथटून येण्याआधी, स्वतः बसवायला घेतली. हबचा गंज तारेच्या ब्रशने घासून काढला. जुने नट लावून वेळ मारून नेली नाही, नव्या चाकाच्या खाचेत बसतील असेच आणले. आधी हाताने फिरवले, मग एक इकडचा, एक समोरचा, असे आवळत नेले. गाडी खाली टेकवली आणि शेवटी तो टॉर्कचा पाना घेतला, जोर पुरेसा झाला की टक् वाजतो तो. जन्मभर पान्यावर पाय देऊन नट आवळणारा हा माणूस! त्या पान्याला तो खेळणं म्हणायचा. आज प्रत्येक नटाला टक् ऐकूनच पुढे सरकला.

हात पुसले आणि तिच्याकडे बघून म्हणाला, "थोडी चालवलीस की परत आण. नट पुन्हा बघावे लागतात."

आमच्या गॅरेजची ही रीतच आहे. नवी चाकं जरा पळाली की नट सैलावू शकतात, म्हणून गाडी परत बोलावतो. पण मला सांगा, जी पोरगी तिकडे दिवसभर लोकांचे नट आवळणार, जिच्या डिकीत तसाच पाना पडलेला आहे, तिला त्यासाठी इतक्या लांबून यायची काय गरज? मी हे बोलणारच होते. तेवढ्यात ती म्हणाली,

"येते, बाबा. तुम्हीच बघा."

मी डिकीचं झाकण लावून टाकलं, आतला पाना दिसायला नको. 

तेव्हा दाराजवळच्या माणसा, ऊठ, पुढे ये आणि लेकीच्या शेजारी बस. खुर्ची मघापासून रिकामी आहे. आणि पोरी, आवळणीला येशील तेव्हा मागची सीट मोकळी ठेव. आम्ही दोघी बसून बघू.

अध्यक्षसाहेबांनी बोलू दिलं, तुम्ही चहा थंड होऊ देऊन ऐकलंत, सगळ्यांचे आभार. बोलताना कुठे कुणाला घासलं असेल तर पोटात घाला. माझं वजन तुम्हाला ठाऊकच आहे.