फुकटचा डायनोसॉर

...आणि पानं गोळा करा म्हणे! नाही, तुम्हीच सांगा, पानं! ऑक्टोबरच्या सुट्टीत नातवंडांना खर्चाशिवाय कसं रमवावं यावर कुठल्याशा मासिकात पन्नास युक्त्या छापून आल्यात, आणि आमच्या ग्लेनिसनं त्या कापून फ्रिजवर चिकटवल्यात. पहिली युक्ती, झाडाची पानं गोळा करा. दुसरी, डबक्यात उड्या मारा. अहो, आमच्या लँकेशायरात, इंग्लंडच्या या उत्तर भागात, ऑक्टोबरमध्ये डबकं सोडून उडी मारायला कोरडी जागा दाखवा मला! ज्यानं हे लिहिलं ना, त्याला एक तर मूल नसणार, नाहीतर त्याच्या मुलांना तोंड नसणार. आणि ग्लेनिसचं आपलं एकच पालुपद... "फुकट आहे रे, नेव्हिल, फुकट!"

तुम्हाला सांगतो, मला फुकटाचं वावडं नाही. सत्तरी ओलांडलेला पेन्शनर माणूस मी, फुकट म्हटलं की माझे कान आपोआप टवकारतात. पण यंदा प्रश्न रॉडनीचा होता. रॉडनी म्हणजे आमच्या जावयाचा बाप. दक्षिणेकडचा. दारात दोन गाड्या, तोंडात सगळे दात स्वतःचे, आणि तेही तो सारखे दाखवत असतो. सोमवारी हा गृहस्थ पोरांना घेऊन गेला थीम पार्कला. तिथं तो आगगाडीसारखा पाळणा असतो बघा, माणसाला उलटा टांगून गरागरा फिरवतो? त्यात दोन्ही हात वर करून बसलेल्या रॉडनीचा फोटो! आमची टॅबिथा, आठ वर्षांची नात, तिनं तो माझ्या नाकासमोर धरला. "आजोबा, रॉडनी आजोबा अज्जिबात घाबरले नाहीत." लगेच तिचा धाकटा भाऊ विल्फ, "तू घाबरतोस का रे, आजोबा?" मी म्हटलं, "मी? मी कशालाच घाबरत नाही!" गेलो बोलून. जीभ काय, फुकट आहे हो, फुकट!

आता सुट्टी संपली की शाळेत एकेकाला उभं करून विचारतात, सगळ्यात जास्त मजा कधी आली? मला एवढंच हवं होतं की टॅबिथानं तिथं उभं राहून माझं नाव घ्यावं. एकदाच. रॉडनीचं नाही, माझं. खोटं कशाला बोलू, जीव अडकला होता त्यात.

म्हणून बुधवार आमचा! निघालो चौघं. म्हाताऱ्यांचा बसचा पास साडेनऊच्या आधी चालत नाही, ठाऊक आहे ना? बस आली जरा आधी. ड्रायव्हरनं घड्याळ पाहिलं, मला पाहिलं, "अजून दोन मिनिटं आहेत, आजोबा," म्हणाला आणि गेला की निघून! दोन मिनिटांसाठी! पुढच्या बसपर्यंत आम्ही पावसात. पाऊस मात्र साडेनऊची वाट बघत नाही, तो दिवसभर फुकट.

तळ्यावर गेलो बदकांना पाव घालायला, तर एक बाई रेनकोटमधून उगवल्या. "पाव नका हं घालू, त्यांच्या तब्येतीला बरा नसतो. सोललेले वाटाणे आणलेत का?" वाटाणे! अहो, मी लहानपणापासून त्या तळ्यावर पाव घालतोय, एक बदक आजारी पडलेलं दाखवा! शेवटी तो पाव विल्फनंच खाल्ला. मग भोपळ्यांच्या शेतावर. पाटी केवढी, 'प्रवेश फुकट'! आत गेल्यावर कळलं की प्रवेशच तेवढा फुकट. भोपळ्याचे पैसे, भोपळा न्यायच्या हातगाडीचे पैसे, गवताच्या गासडीवर बसून फोटो काढायचे पैसे! आम्ही भोपळे लांबून पाहिले आणि परत बसमध्ये. तिथं विल्फनं खणखणीत आवाजात विचारलं, "आजोबा, आपण गरीब आहोत का?" सगळे खिडकीबाहेर बघायला लागले हो, आणि खिडक्यांवर तर वाफ धरलेली!

मी म्हटलं, बस्स. आता वाचनालय. तिथं डायनोसॉर आलाय, खराखुरा, फुकट! पोरं जरा खुलली. आणि वाचनालयापाशी पोचतो तर काय... रांग! पार कोपऱ्यापर्यंत! मी ग्लेनिसला म्हटलं, "बघितलंस? एवढी माणसं उगाच उभी राहतात? चला, शेपूट धरा." कशाची रांग म्हणून विचारलं नाही. आपल्याकडे विचारतं का कोणी? रांग दिसली की उभं राहायचं, विचारलं तर लोकांना वाटतं घुसतोय.

रांगेत सगळे माझ्याच वयाचे. मी म्हटलं, वा, आजी-आजोबा नातवंडांना घेऊन आलेत. पण नातवंडं? एकही नाही! म्हटलं, आत पुढे गेली असतील. मागचा एक काठीवाला म्हणाला, "यंदा भराभर उरकतायत. गेल्या वर्षी माझा हात दोन दिवस वर होत नव्हता." मी म्हटलं, "असं? चढू देतात का अंगावर?" तो माझ्याकडे बघतच राहिला. बिचारा सभ्य होता, मग आपली काठीच न्याहाळायला लागला. ग्लेनिस आपली भिंतीला टेकून मोजा विणतेय. इतकी गप्प, इतकी गप्प... लग्नाला चव्वेचाळीस वर्षं झाली, मला तेव्हाच संशय यायला हवा होता!

दारातून आत शिरलो आणि पुढं पडदा. पडद्यामागून आवाज, "डावा की उजवा, काका?" टेबलावर कापूस. आणि ती... ती सुई. फ्लूची लस हो! फ्लूची! सुई म्हटलं की लहानपणापासून मी आधी दार शोधतो, सहा वर्षं ही लस मी चुकवतोय, दर ऑक्टोबरला काहीतरी निमित्त काढून! मी ग्लेनिसकडे वळलो. "तुला ठाऊक होतं?"

"दारावर ही एवढ्या मोठ्या अक्षरांत लिहिलंय. आल्याआल्या वाचलं मी."

"मग बोलली का नाहीस?"

"सहा वर्षं बोलतेच आहे की." आणि मग विणकामाच्या सुया खाली ठेवून हळूच, "गेल्या हिवाळ्यात तू रात्र रात्र खोकत होतास, नेव्हिल, आणि मी छताकडे बघत पडलेली असायची. मला पुन्हा तसं पडायचं नाहीये."

तरी मी पळालो असतो, खरंच सांगतो. पण मागे अख्खी रांग, आणि खाली विल्फ, तोंड वर करून विचारतोय, "घाबरलास?"

चढवली बाही. नर्सबाई किती गोड! "काही होत नाही हं, आजोबा, आणि एक पैसा लागत नाही. फुकट आहे, फुकट!" एवढंच ऐकल्याचं आठवतं. पुढचं लोकांनी सांगितलं. लस घेतलेल्यांसाठी चहा-बिस्किटांचं टेबल मांडलं होतं, त्याच्यावर मी आडवा झालो. दोन थाळ्या बिस्किटं अंगाखाली, कपाळावर दुधाची बुडकुली. डोळे उघडले तर टॅबिथा माझ्या छातीवर लहान मुलांचा स्टिकर चिकटवतेय, 'मी शूर आहे'! डायनोसॉर होता वरच्या मजल्यावर. तिथं रांग सोडा, चिटपाखरू नव्हतं. आणि डायनोसॉर तरी केवढा? काचेखाली एक अंगठा!

संध्याकाळी पोरांच्या आईचा, आमच्या जिलचा, फोन. मी खुर्चीत मान खाली घालून बसलेलो. म्हटलं, आता रॉडनीचे हात आणखी वर जाणार. तर टॅबिथा ओरडतेय, "आई, आई! आजोबा धाडकन पडले! बिस्किटांवर! मी शाळेत हेच सांगणार!" जिलनं विचारलं, "आणि रॉडनी आजोबांचा पाळणा?" तर कार्टी म्हणते, "ते? ते नुसते बसले होते."

जिंकलो हो मी! रॉडनीला हरवलं! आणि तेवढ्यात विल्फ माझ्या गुडघ्यावर चढून बसला. "आजोबा, पुढच्या सुट्टीतपण जाऊ या. अजून काय काय टोचतात रे फुकट?"

मी म्हटलं, "संपलं, बाळा. एवढंच असतं."

तर स्वयंपाकघरातून ग्लेनिस, "नागिणीची लस आहे की! तुझ्या वयाला फुकट. आणि तिचे दोन डोस असतात." पोरांनी टाळ्या पिटल्या. पहिला डोस फेब्रुवारीच्या सुट्टीत, दुसरा पुढच्या ऑक्टोबरच्या, ठरलंसुद्धा... आणि आत्ताच जिलचा पुन्हा फोन आला होता, दुसऱ्या डोसला रॉडनीपण येतोय म्हणे, बघायला.