थेंब घालण्याआधी

आईचा वाचायचा चष्मा कुणा गरजूला मिळावा, म्हणून राजारामपुरीतल्या डोळ्यांच्या दवाखान्यात गेले होते. शेजारी कोडोलीचं म्हातारं जोडपं बसलं होतं. आजोबांच्या मांडीवर पत्र्याचा डबा होता आणि डब्यात लिंबाएवढा निवडुंग.

“आकारामआजोबा, चला. डोळ्यांत थेंब घालायचेत,” कंपाउंडर म्हणाला.

“पुढच्याला घे बाबा. थेंब घातलं की दिवसभर धुरकट दिसतंय. आदी ही कळी उमलू दे.”

“तिघांस्नी पुढं सोडलंय ह्यांनी,” आजी मला म्हणाल्या. “आमच्या बांधावर गाडीभर निवडुंग हाय, फुकटचा. आन् हे बिया पेरून रोप करत्यात.”

“ह्याची जात येगळी हाय. चार वर्सांनी पयल्यांदा कळी धरलीया. फूल एकच दिवस राहतंय.”

“चार वर्सांत म्हस तीनदा व्याली.”

“म्हस मांडीवर घिऊन एस्टीत बसता आलं असतं व्हय?”

“काट्याचं झाड दारात असलं की घरात भांडणं हुत्यात.”

“त्येच्या आदी काय आरत्या चालल्या हुत्या व्हय, बया?”

“आजोबा, आता तुम्ही आणि ह्या बाईच उरलात,” थेंबांची बाटली घेऊन आलेला कंपाउंडर म्हणाला.

“बाई, तुमी जाताय न्हवं?”

“मला घाई नाही.”

“बया, टोक फुटलं बघ. रंग दिसाय लागला.”

“मला कुठलं एवढं बारकं दिसतंय?”

मी पिशवीतून आईचा चष्मा काढून आजींना दिला. त्यांनी तो नाकावर चढवला, डबा आपल्याकडे ओढला आणि खिडकीतल्या उन्हात धरला.

“कंपाउंडर, ती बाटली ठेव खाली,” आजी म्हणाल्या. “ अजून दोन पाकळ्या राहिल्यात.”